त्रेचाळीस बासनं

आमच्या घरधन्यांना, म्हणजे ग्युरमेंना, त्रेचाळीस गुरू आहेत. आहेत म्हणायचं एवढंच. त्यातले अकरा वारले, एक तैवानला असतात, दोन अमेरिकेत, आणि एकानं भगवी वस्त्रं उतरवून लग्न केलं, तो आता पोखऱ्याला हॉटेल चालवतो. पण गुरू तो गुरू. लग्न केलं म्हणून कुणी त्याचं नाव यादीतून काढत नाही.

माझ्या थोरल्या भावाला, वांगदाकला, एकच गुरू. मी त्याला आचो म्हणते, आमच्या तिबेटात, खामकडे, थोरल्या भावाला तसंच म्हणतात. पंचेचाळीस वर्षं एकच लामा, एकच मठ, एकच पाठ. याचा आचोला इतका अभिमान आहे की स्तूपाला प्रदक्षिणा घालताना दुसऱ्या कुठल्या लामांचं प्रवचन कानावर आलं, तर तो चालण्याचा वेग वाढवतो. न जाणो, चुकून काही कळलं तर.

या दोघांच्या मधे मी. काठमांडूत, बौधाच्या स्तूपाजवळच्या गल्लीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. मी पोथ्यांची बासनं शिवते. लांबट पानांची पोथी, वर-खाली लाकडी फळ्या, त्यावर रेशमी बासन आणि वरून दोरी. पोथ्या वाचण्याची परवानगी मला नाही, झाकण्याची आहे. चाळीस वर्षं धर्माची सेवा करते आहे ती ही अशी, बाहेरून.

आमच्यात दीक्षा घेणं सोपं, निभावणं अवघड. लामा दीक्षा देतात तेव्हा बरोबर एक पोथी येते, आणि तिचा पाठ रोज करायचा, मरेपर्यंत. कुणाची चार पानांची, कुणाची चाळीस. एक दिवस चुकला की दिलेला शब्द मोडला, आणि शब्द मोडणाऱ्यांसाठी वेगळा नरक आहे. त्या नरकाचं वर्णन आमच्या लामांना इतकं पाठ असतं की जाऊन आल्यासारखं सांगतात. दीक्षा नसलेल्या माणसानं ती पोथी वाचायची नाही, ऐकायचीही नाही. आणि ज्यानं पाठ दिला त्याच्याशिवाय दुसरा कुणी त्यातून मोकळं करू शकत नाही.

तर त्रेचाळीस गुरू म्हणजे त्रेचाळीस पोथ्या. ग्युरमे पहाटे चारला देवघरात जायचे, दार लावून घ्यायचे आणि बाराला बाहेर यायचे. तोवर फक्त चहा. मी नऊला थुक्पा, म्हणजे शेवयांचं पातळ सूप, करायची, दहाला गरम करायची, अकराला पुन्हा गरम करायची. बारापर्यंत त्यातल्या शेवया फुगून त्याची खीर व्हायची. नवरा पाठाला बसलेला असताना बायकोनं खायचं नाही, असं कुठल्या पोथीत लिहिलंय मला माहीत नाही. कुणी मला तसं सांगितलंही नव्हतं. पण आई खात नसे, म्हणून मीही खात नसे. लोक म्हणायचे, "नोरझोम, नशीबवान आहेस, घरात एवढं पुण्य." मी म्हणायची, हो ना, पोटात फक्त तेवढंच असतं.

या वर्षी लोसार, म्हणजे आमचं नवं वर्ष, होऊन महिना झाला असेल. एका सोमवारी ग्युरमे बाराऐवजी दहालाच बाहेर आले आणि म्हणाले, "अगं, उजव्या डोळ्यापुढे खालून काहीतरी काळं चढतंय."

डावा डोळा त्यांचा लहानपणीच देवीत गेला. म्हणजे सगळा संसार उजव्यावर. मी तशीच टॅक्सी करून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होती, इथलीच नेवार, बोलायला सरळ. नेपाळीत आजोबांना म्हणतात तसं म्हणाली, "बाजे, आतला पडदा सुटलाय. शुक्रवारी ऑपरेशन करून टाकू. त्यापुढे थांबलात तर दिसणं परत येणार नाही."

"करा ना," मी म्हणाले.

"नंतर दहा दिवस पालथं झोपायचं. मान खाली. वाचन नाही, उठून बसणं नाही."

ग्युरमेंनी विचारलं, "दहा दिवस अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

त्यांनी टोपी उचलली, डोक्यावर नीट बसवली आणि म्हणाले, "मग नाही जमायचं." आणि दाराकडे चालू लागले. दार सापडेना, तर भिंतीला हात लावून शोधलं.

टॅक्सीत मी गप्प बसले, कारण ड्रायव्हरला तिबेटी कळत होतं. घरी आल्यावर तोंड उघडलं.

"आंधळे झालात तर पोथी कशी वाचणार?"

"आंधळा झालो तर तो दोष डोळ्याचा," ते शांतपणे म्हणाले. "मी आपणहून पालथा पडलो आणि पाठ चुकला, तर तो दोष माझा. त्रेचाळीस शब्द मोडतील, नोरझोम. एकदम."

"मी वाचून दाखवते."

"तुला दीक्षा कुठे आहे?"

माणूस वेडा असता तर औषध दिलं असतं. हा तर अभ्यास केलेला माणूस.

संध्याकाळी आचो आला. सगळं ऐकून त्यानं चहाचा घोट घेतला, मिशी पुसली. मेव्हण्याचा डोळा जाणार याचं त्याला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण चाळीस वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आल्याचा आनंद त्याला काही लपवता येईना.

"एक गुरू असता," तो म्हणाला, "तर एकाच दाराशी जाऊन सुटका मागितली असती. आता फिरा त्रेचाळीस दारं. अकरा जण तर वारलेत, त्यांना कुठे गाठणार?"

"आचो, तुला बोलायचंच असेल तर काही उपयोगाचं बोल."

"उपयोगाचंच बोलतोय. हे मी ब्याऐंशी साली बोललो होतो."

मंगळवारी सकाळी मी मोठ्या मठात गेले. तिथल्या मोठ्या लामांनी, रिन्पोछेंनी, ग्युरमेंना दीक्षा दिलीय, म्हणून म्हटलं सुरुवात तिथून करू. दोन तास बाकावर बसले. आत घेतलं तेव्हा रिन्पोछे प्रेमानं हसले, माझ्या गळ्यात आशीर्वादाचा पांढरा रेशमी खदा घातला, सगळं ऐकून घेतलं.

"माझ्या पोथीपुरतं दहा दिवस सोडतो," ते म्हणाले. "दुसऱ्यांनी दिलेल्यांत मी कसा बोलणार?"

"मग बाकीचं काय करू, रिन्पोछे?"

"काळजी कशाला करतेस? येत्या रविवारी आमच्याकडे मोठी दीक्षा आहे. ती घेतली की आजवर मोडलेले सगळे शब्द शुद्ध होतात. ग्युरमेला घेऊन ये."

"तिचा रोजचा पाठ आहे का?"

"छोटासा," रिन्पोछे म्हणाले. "बारा पानं."

मी तीनदा वाकून नमस्कार केला आणि बाहेर आले. बारा पानांच्या पोथीला किती कापड लागेल याचा हिशेब डोक्यात आपोआप सुरू झाला. सवय वाईट.

मग तैवानला फोन. ते लामा शिकवत होते, त्यांच्या सेवकानं फोन घेतला आणि सांगितलं की रिन्पोछे फासे टाकून कौल बघतील. बुधवारी सकाळी कौल आला. ऑपरेशन चांगलं, पण शुक्रवार वाईट. पुढच्या महिन्याच्या अष्टमीला करावं. मी म्हटलं, डॉक्टर म्हणते शुक्रवारनंतर डोळा राहणार नाही. सेवक म्हणाला, "कौल ऑपरेशनचा मागितला होता. डोळ्याचा वेगळा मागावा लागेल."

हे सांगितल्यावर ग्युरमे उलट खूश झाले. म्हणाले, "बघ, एकाचं उत्तर दुसऱ्याला खोडत नाही. एकानं त्याची पोथी सोडली, दुसरा म्हणतो ऑपरेशन चांगलं. सगळे माझ्या बाजूचेच आहेत." असा माणूस जगात कुठेही सुखी राहील, त्याला दिसण्याची काय गरज?

बुधवारी दुपारी आचो मला त्याच्या लामांकडे घेऊन गेला. फर्पिंगच्या वर टेकडीवर लहानसा मठ, चार भिक्षू, दोन कुत्री. केनरब रिन्पोछे नव्वदीचे. गेली तीन वर्षं त्यांना काही आठवत नाही. स्वतःचं नाव विचारलं तरी लाजल्यासारखं हसतात. एकच वाक्य शिल्लक राहिलंय. समोर कुणी आलं की विचारतात, "जेवलीस का?" पुरुष असला तर, "जेवलास का?" थोड्या वेळानं विसरतात आणि पुन्हा विचारतात.

हे मला ठाऊक होतं. आचोनं त्याचं काय केलंय ते ठाऊक नव्हतं. त्यानं पिशवीतून वही काढली. दर शनिवारी रिन्पोछे काय म्हणाले, कुठल्या सुरात म्हणाले, आणि त्याचा अर्थ काय, असं सगळं तारखेनिशी लिहिलेलं. पानंच्या पानं जेवलास का. एके ठिकाणी जेवण म्हणजे कर्माचं फळ, एके ठिकाणी ध्यान, एके ठिकाणी मृत्यू. माझ्या नवऱ्याला त्रेचाळीस माणसांकडून जेवढं मिळालं नाही तेवढं या माणसानं दोन शब्दांतून काढलं होतं.

आम्ही नमस्कार करून बसलो. आचोनं हात जोडून, मोठ्यानं, एकेक शब्द तोडून ग्युरमेंच्या डोळ्याची हकिगत सांगितली. रिन्पोछेंनी ऐकलं की नाही कोण जाणे. ते माझ्याकडे बघत होते.

"जेवलीस का?"

आचोची पेन्सिल लगेच चालू लागली. तो माझ्या कानात पुटपुटला, "बघ, म्हणजे काय म्हणतायत, की भोग भोगून झाले का..."

आणि मला रडू फुटलं. का ते सांगते. दुपारचे दोन वाजले होते. आदल्या रात्रीपासून मी काही खाल्लं नव्हतं. सोमवारपासून धड जेवलेच नव्हते. आणि चाळीस वर्षांत, एवढ्या लामांच्या एवढ्या बाकांवर बसले, घरी-दारी एवढं पुण्य झालं, पण हे मला कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्यानंही नाही. मी स्वतःही नाही.

"नाही," मी म्हणाले.

रिन्पोछेंनी गादीखाली हात घालून बराच वेळ चाचपलं आणि बिस्किटांचा अर्धा पुडा काढला. "खा," म्हणाले. मी खाल्ली, चारही. नरम पडली होती. आचो अर्धं तरी प्रसाद म्हणून दे म्हणत होता. मी दिलं नाही.

तोंड पुसून मी म्हणाले, "रिन्पोछे, माझा नवरा पाठ चुकेल म्हणून डोळा घालवतोय."

ते जरा विचारात पडले. मग म्हणाले, "तो जेवला का?"

"नाही. पाठ संपल्याशिवाय जेवत नाही. बारा वाजतात."

"मग भूक लागत असेल त्याला," रिन्पोछे म्हणाले, आणि त्यांचा चेहरा इतका कष्टी झाला की मलाच त्यांची समजूत काढावी लागली. थोड्या वेळानं ते विसरले आणि आचोला विचारलं, जेवलास का. आचोनं लिहून घेतलं. तो जेवला होता की नाही ते काही त्यानं सांगितलं नाही.

गुरुवारी सकाळी सातला मी देवघराचं दार वाजवलं आणि हो-ना ऐकायच्या आत उघडलं. चाळीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं. ग्युरमे आसनावर बसले होते. पुढ्यात पोथी उघडी, पान नाकाला लागेल एवढं जवळ. काळा पडदा आता अर्ध्याच्या वर आला होता. तेच पान पहाटेपासून चाललं असावं.

"मी वाचते," मी म्हणाले. "नरकात गेले तर जाईन. तुम्ही असालच तिथे, परकं वाटणार नाही."

"हात लावू नकोस त्यांना, नोरझोम."

"बासनं मीच शिवलीत."

भिंतीला फडताळ आहे, त्यात बासनं ओळीनं ठेवलेली. लाल, पिवळी, काही जरीची. मी हाताला लागलं ते काढलं, दोरी सोडायला गेले आणि थांबले.

गाठ माझी होती.

मी डावरी आहे. आईनं हातावर मारून मारून जेवणाचा हात बदलला, गाठीचा बदलला नाही. माझ्या गाठीचा फास उलट्या बाजूला पडतो. बाजारात लोक त्यावरून ओळखतात की हे बासन नोरझोमकडचं. नवी पोथी आली की मी ती गुंडाळायची, गाठ मारायची आणि ग्युरमेंच्या हातात द्यायची. त्यानंतर रोज ती सुटणार, रोज त्यांच्या हातानं पुन्हा बांधली जाणार. निदान माझी तशी समजूत होती.

मी ते बासन खाली ठेवून दुसरं काढलं. माझी गाठ. तिसरं. माझी गाठ. एकावरचं कापड मी सत्त्याण्णव साली शिवलेलं, घडीच्या जागी अजून नवंकोरं, बाकी विटलेलं. मी एकेक काढून सगळी पाहिली. ग्युरमेंना दिसत नव्हतं, पण फळ्यांचा आवाज ऐकू येत होता.

नऊ बासनांवर त्यांची गाठ होती. चौतीसवर माझी.

मी एक उचलून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बोटांनी गाठ चाचपली आणि हात तिथेच ठेवला.

"वेळच पुरायचा नाही," ते म्हणाले. "पहिल्या नऊ होईपर्यंत बारा वाजायचे. बाकीच्या नुसत्या डोक्याला लावून ठेवायचो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच."

मला राग आला. असा राग मला आयुष्यात कधी आला नसेल. चाळीस वर्षांची शेवयांची खीर डोळ्यांपुढे आली. "न पाळलेल्या शब्दासाठी तुम्ही असलेला डोळा द्यायला निघालात? आणि पुरत नव्हतं तर दर वर्षी नवी दीक्षा कशाला घेत होतात? दुकान मांडायचं होतं का गुरूंचं?"

"भीती वाटायची," ते म्हणाले. "शब्द मोडलाय हे मला ठाऊक होतं. लामा सांगतात, नवी दीक्षा घेतली की जुना दोष धुतला जातो. म्हणून नवी घ्यायचो. मग तिचाही पाठ यायचा, तोही व्हायचा नाही. मग पुढच्या वर्षी तो दोष धुवायला आणखी एक." त्यांनी हातातलं बासन मांडीवर ठेवलं. "लोकांना वाटतं हा केवढा साधक. मी नुसता धूत होतो, नोरझोम."

मोठ्या मठाचा रविवार मला आठवला, छोटीशी बारा पानं आठवली, आणि मी त्यांच्यासमोर खाली बसले. चाळीस वर्षं दाराच्या या बाजूला मी उपाशी बसले होते आणि त्या बाजूला हा माणूस घाबरून. आणि आम्ही दोघं समजत होतो की आत धर्म चाललाय.

"आता कुणाकडे जाऊन सांगू हे?" त्यांनी विचारलं. "त्रेचाळीस जणांना?"

"मला सांगितलंत ना. पुष्कळ झालं."

ते रडले. म्हातारा माणूस रडताना फार वेळ बघवत नाही, म्हणून मी बासनं परत लावायला घेतली. सगळी लावून झाल्यावर विचारलं, "जेवलात का?"

"आत्ता? आठ वाजतायत."

"म्हणूनच विचारते. थुक्पा झालाय, शेवया अजून शेवया आहेत."

आम्ही दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर बसून आठ वाजता जेवलो. त्यांनी दोन वाट्या घेतल्या. शुक्रवारी ऑपरेशन झालं.

दहा दिवस ते पालथे होते. तोंड जमिनीकडे, गप्पा सगळ्या माझ्या पावलांशी. पट्टी निघाली तेव्हा डॉक्टरीणबाईनं बोटं दाखवली आणि त्यांनी बरोबर सांगितली. बारीक अक्षरं पूर्वीसारखी लागत नाहीत, पण पोथीची लागतात. तैवानहून निरोप आला की कौलाप्रमाणे सगळं ठीक झालं हे ऐकून रिन्पोछेंना आनंद झाला.

घरी आल्यावर ग्युरमे फडताळापुढे उभे राहिले. "यातलं ठेवू कुठलं?"

"ज्याला तुमची गाठ आहे ते," मी म्हणाले.

तर नऊ राहिली. उरलेली चौतीस सर्वांत वरच्या फळीवर चढवली, लोसारला काढून डोक्याला लावायला. यावर कुणीच खूश नाही. आचो म्हणतो, नऊ म्हणजे काही एक नव्हे. ग्युरमेंचे दीक्षेतले मित्र म्हणतात, नऊवर आला म्हणजे माणूस खचला. नरकाचं काय ते पुढे कळेल. पाठ आता जेवण झाल्यावर सुरू होतो.

गेल्या आठवड्यात मोठ्या मठाचा भिक्षू पत्रक घेऊन दुकानात आला. पौर्णिमेला दुर्मीळ दीक्षा, रिन्पोछे पंचवीस वर्षांनी देतायत, मागचे सगळे दोष जातील. ग्युरमेंनी पत्रक नव्या डोळ्याजवळ धरून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. मग पुन्हा वाचलं. मी मापाची पट्टी उचलली आणि लाल रेशीम मेजावर पसरलं.

"बासन शिवायला घेऊ का?" मी विचारलं.

त्यांनी पत्रकाची घडी घातली. माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे. साडेआठ वाजले होते.

"आधी जेवू," ते म्हणाले. "तू तरी कुठे जेवलीयस."